आधी वॉल बंद करा!

माझे आता ठाम मत झाले आहे की, आपल्या घराचे पाणी कुठून बंद होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावू नये. नळ सोडणे आणि बंद करणे लॉजवर उतरलेल्या पाहुण्यालाही जमते. नळच जागेवर राहिला नाही तर काय करायचे हे ज्याला कळते, तो घरमालक. बाकीचे सगळे हप्ते भरणारे पाहुणे!

मत जरा कडक आहे, कबूल. ताजे असल्यामुळे तसे आहे. गेल्या उन्हाळ्यातल्या एका बुधवारपर्यंत मीसुद्धा दारावर पितळी पाटी लावून राजरोस राहत होतो.

पुण्यातल्या वाचकाला नुसते 'बुधवार' म्हटले की पुढचे कळते. इतरांसाठी सांगतो. आमच्या शहरात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे झाले, तर तो वार बहुधा गुरुवार असतो. 'गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद' अशी बातमी आली की बुधवारी संध्याकाळी घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवायचे, हा आमचा कुळाचार. त्या बुधवारी पिंप, बादल्या, कळशी, कुकर, इतकेच काय पण लग्नात आलेली फुलदाणीसुद्धा भरून झाली होती. गच्चीवरची टाकी काठोकाठ होती. रात्री पावणेदहाला मी कृतार्थ मनाने दात घासायला बेसिनपाशी गेलो आणि बेसिनखालची नळी सुटली.

'सुटली' हा शब्द फार सौम्य आहे. आधी फट् असा आवाज झाला आणि मग गुडघ्यांवर असा मारा सुरू झाला की, तोंडातल्या ब्रशसकट मी दारापर्यंत मागे सरकलो. ही धावत आली. तिने एका दृष्टिक्षेपात परिस्थिती ओळखली आणि म्हणाली, "वर्षभर सांगतेय, ती नळी फुगलीय म्हणून." हे वाक्य खरे होते. पण त्याने पाणी थांबत नव्हते.

बेसिनखाली भिंतीतून नळी जिथे निघते तिथे एक छोटा कॉक असतो, एवढे मला ठाऊक होते. त्याला अँगल कॉक म्हणतात. मी पाण्यात ओणवा होऊन, डोळे मिटून, तो पकडला आणि जोर लावून फिरवला. तो फिरला नाही. त्याची मूठ मात्र अलगद माझ्या हातात आली. अकरा वर्षांत त्या मुठीला कोणी बोटही लावले नव्हते. पहिल्याच भेटीत तिने जीव दिला.

मग प्लंबरला फोन लावला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला होता.

"साहेब, आधी वॉल बंद करा," तो म्हणाला.

"कुठली?"

"मेन वॉल!"

आता आमच्या पिढीचे इंग्रजी शाळेतले. 'वॉल' म्हणजे भिंत. मुख्य भिंत म्हणजे हॉलची असणार. पण ती बंद कशी करायची? मी म्हणालो, "अहो, भिंतीला काही झालेलं नाही. पाणी येतंय!"

"भिंत नाही हो! वॉल! कॉक! चावी! जिथनं पाणी बंद होतं ती!"

"ती कुठे असते?"

फोनवर क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेत त्याने माझी जी किंमत केली, ती मला स्पष्ट ऐकू आली. "साहेब," तो शेवटी म्हणाला, "घर तुमचंय."

एव्हाना चिरंजीव मोबाइल घेऊन मदतीला आले होते. असल्या प्रसंगी काय करावे याची एक फिल्म त्यांनी शोधून काढली होती. तिच्यात एक गोरा गृहस्थ शीळ घालत तळघरात उतरतो, तांबडी मूठ पाव फेरा फिरवतो आणि शीळ घालतच वर येतो. आमची अडचण तळघरापासून सुरू होत होती.

मग हिला आठवले की, बाथरूमच्या माळ्यावर एक चाकासारखे काहीतरी होते. होते खरे! पण काही वर्षांपूर्वी आम्ही, म्हणजे मी, बाथरूमला फॉल्स सीलिंग करून घेतले. पाइप दिसायला वाईट दिसतात म्हणून. कंत्राटदाराने विचारलेही होते, "साहेब, इथे एक छोटी खिडकी ठेवू का?" मी म्हणालो होतो, "छे! एकसारखं दिसलं पाहिजे." त्यामुळे एकसारखे दिसणारे पांढरे छत वर, पाण्यात उभे तिघे खाली आणि मधे कुठेतरी कॉक, अशी आमची बैठक जमली.

राहिली गच्ची. आमच्या इमारतीत टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक पाइपाला वर एकेक कॉक आहे. गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी साताऱ्याला लग्नाला. जाताना किल्ली तिसऱ्या मजल्यावर ठेवून गेले होते, हे कळायला दहा मिनिटे लागली. मी जन्मभर बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या. पण तिजोरीची किल्ली सापडत नसताना नोटा जिन्यावरून वाहत खाली जात नाहीत. हे पाणी निघाले होते.

गच्चीवर नऊ कॉक एका रांगेत उभे. नऊच्या नऊ सारखे, नुकत्याच रंगवलेल्या करड्या पाइपांवर, कशावर काही लिहिलेले नाही. मी पहिला बंद केला आणि चिरंजीवांना फोनवर विचारले, "थांबलं का?" "नाही." दुसरा. "नाही." तिसऱ्याला तिसऱ्या मजल्यावरून एक किंकाळी आली; तिथे कोणीतरी डोक्याला साबण लावून बसले होते. तो घाईने सोडला. चौथा, पाचवा फिरवले. सहावा फिरलाच नाही. मी मनाशी म्हटले, हा आधीच बंद दिसतोय. आणि सातव्याकडे वळलो. माझ्या अज्ञानाचा हा सर्वोच्च बिंदू. गच्चीवरच असल्यामुळे त्याहून वर जागा नव्हती.

इतक्यात चिरंजीवांचा आवाज बदलला. "बाबा, खाली काकूंकडे पाणी पडतंय."

इथपर्यंतचे मी हसत सांगू शकतो, आणि चारचौघांत सांगतोही. पुढचे सांगताना हसू येत नाही.

पहिल्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली, काकू एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मुले परदेशी. मी दार ढकलून आत गेलो तेव्हा छताला मोठा ओला डाग पडला होता, पाणी पंख्याच्या दांड्यावरून आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवरून ठिबकत होते, ट्यूब फडफडत होती आणि काकू तिच्या बरोबर खाली, ओल्या फरशीवर, तिपाईवर चढून भिंतीवरची काकांची तसबीर काढत होत्या. एक हात खिळ्यावर, दुसरा हात आधारासाठी विजेच्या बोर्डाकडे निघालेला.

मी त्यांना अक्षरशः उचलून खाली ठेवले आणि मेन स्विचकडे धावलो. त्या ओरडल्या, "अरे, हात पूस आधी!"

सबंध रात्रीत माझ्या कानी पडलेली ही पहिली अक्कल. मी हात पुसले, पायपुसणे ओढून त्याच्यावर उभा राहिलो आणि मेन स्विच पाडला. अंधार झाला. अंधारात काकू तसबीर पदराने पुसत होत्या आणि पाण्याचा आवाज तसाच चालू होता.

"वरचा कॉक सापडेना होय?" त्या म्हणाल्या. "थांब."

टॉर्च लावून त्यांनी कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात एक शंभरपानी वही होती. १९८४ साली इमारत उभी राहिली तेव्हा काका पहिले सेक्रेटरी होते. त्यांनी नऊ पाइपांची आकृती काढून ठेवली होती. 'डावीकडून सहावा: दुसरा मजला, पूर्वेचे बिऱ्हाड. जड चालतो. तेल सोडून हळू फिरवावा.' वहीखाली नऊ पत्र्याच्या चकत्या होत्या. खिळ्याने टिंबे ठोकून त्यांवर आकडे उठवलेले. पस्तीस वर्षे त्या चकत्या गच्चीवर कॉकच्या गळ्यात तारेने बांधलेल्या होत्या. २०१९ साली रंगकाम निघाले तेव्हा 'घाणेरड्या दिसतात' म्हणून त्या काढायचा कमिटीत ठराव झाला. रंगाऱ्याने त्या काकूंना आणून दिल्या, म्हणून राहिल्या.

त्या ठरावाला कोणी कोणी हात वर केला होता, हे काकूंना ठाऊक होते की नाही कोण जाणे. मला ठाऊक होते. मी कमिटीवर होतो.

वहीत लिहिल्याप्रमाणे सहाव्या कॉकला शिवणयंत्राचे तेल सोडले, पान्याने चाक थोडे पुढे, थोडे मागे असे हलवले आणि तो कुरकुरत बंद झाला. एकूण चाळीस मिनिटे गेली. मागाहून हिशेब केला. अर्ध्या इंची उघडा पाइप मिनिटाला पंधरा लिटरची एक बादली सहज ओततो. म्हणजे सहाशे लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे आपल्याकडचे सरकारी मान आहे. त्या हिशेबाने चार माणसांचा एक दिवस आणि वर पाचव्याची आंघोळ मी जिन्यावरून सोडून दिली होती. त्यात इमारतीतल्या बाकीच्या बिऱ्हाडांनी घाबरून रात्रीच उरलेसुरले डबेही भरून घेतले. गुरुवारी दुपारी चारला टाकी रिकामी झाली. चहाला आमच्याकडे फुलदाणीतले पाणी होते.

काकू म्हणाल्या, "पानशेत फुटलं तेव्हा मी कॉलेजात होते. आधी गाव पाण्यानं बुडालं आणि मग नळाला थेंब नाही. तू ते एका रात्रीत करून दाखवलंस." पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुराच्या चिखलात उभे राहून लोक जुन्या विहिरींवर रांगा लावू लागले. माझे नाव त्या तारखेच्या पंगतीला लागावे, अशी महत्त्वाकांक्षा मी कधी बाळगली नव्हती.

आता माझे भांडण ऐका. पुढच्या कमिटीत मी विषय मांडला: प्रत्येक बिऱ्हाडाला आपला कॉक ठाऊक असावा, त्याच्यावर आकडा असावा आणि गच्चीची किल्ली काचेच्या पेटीत जिन्यात असावी. माझी अपेक्षा होती की टाळ्या पडतील. पडले तीन आक्षेप.

पहिला: "प्लंबर असतो की!" असतो, पण हडपसरला असतो. घराला आग लागल्यावर बंब बोलवायचाच. पण बंब येईपर्यंत गॅस चालू ठेवायचा असे कोणी म्हणत नाही. प्लंबर नळी बदलतो. तो येईपर्यंतची चाळीस मिनिटे आपली असतात, आणि माणूस मरायचा तर त्या चाळीस मिनिटांत मरतो.

दुसरा: "असं रोज थोडंच होतं?" रोज होत नाही, हीच तर मेख आहे. टाकीवरच्या चाकाच्या कॉकमध्ये एक पडदा आट्यांवरून खाली-वर होतो. वर्षानुवर्षे तो हलवला नाही की आपल्या पाण्यातले क्षार त्याच्यावर बसतात आणि नेमक्या वेळी तो जाम निघतो. दांड्याचा कॉक पाव फेऱ्यात बंद होतो: दांडा पाइपच्या रेषेत असला तर पाणी चालू, आडवा असला तर बंद. इतके सोपे आहे! पण तोसुद्धा न हलवता ठेवला तर रुसतो. दर तीन महिन्यांनी एकदा बंद करून पुन्हा सोडायचा. नात्यातल्या माणसांना आपण दिवाळीला भेटतो ते काही काम असते म्हणून नव्हे. काम पडेल तेव्हा ओळख असावी म्हणून.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलले नाही. तो चेहऱ्यांवर होता: हे आपले काम नव्हे. माझा खरा राग याच्यावर आहे. आपण चारचौघांत 'मला बाई यातलं काही कळत नाही' असे स्वयंपाकाबद्दल म्हणायला लाजतो, पण पान्याबद्दल अभिमानाने म्हणतो. हाताला ग्रीस लागले की पदवी पुसली जाते, अशी आपली समजूत आहे. घर घेताना आम्ही दिशा पाहिल्या, ईशान्येला पाणी आहे ना याची खात्री केली, वास्तुशांतीला चाळीस पाने उठली. पाणी कुठे असावे हे सांगणारे तीन जण येऊन गेले. ते बंद कुठून करावे हे कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बिल्डर लोक फरशा दाखवतात, बाल्कनीतून टेकडी दाखवतात, पार्किंग दाखवतात. कॉक दाखवणारा बिल्डर मला अजून भेटायचा आहे. कारण गिऱ्हाईकच मागत नाही. गिऱ्हाईक म्हणते, पाइप दिसता कामा नयेत!

अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणले. नळ जमिनीखाली, पण वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले: वर उघडणारी तोंडे, जिथून आत डोकावता यावे, दुरुस्ती करता यावी. म्हणजे त्या काळच्या माणसांना दोन गोष्टी ठाऊक होत्या. पाणी येते, आणि कधीतरी बिघडतेही. आम्हाला पहिलीच ठाऊक आहे. त्यांनी दोन गावांच्या अंतरात उच्छ्वास ठेवले; मी आठ फुटी बाथरूमच्या छताला एक खिडकी ठेवू दिली नाही.

आणि ज्या महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर, त्या महाराष्ट्रात बसून मी म्हणतो की पाणी बंद करणे हे माझे काम नव्हे. ती गाडी मी टीव्हीवर पाहिली होती, डोळे पाणावून. डोळ्यांतले पाणी तेवढे मला वेळेवर बंद करता आले.

तेव्हा वाचकहो, हा लेख मिटून ठेवा आणि उठा. आधी कॉक शोधा. मग तो फिरवा. फिरला नाही तर दांडगाई करू नका, मोडेल. आजच, सवडीने, माणूस बोलावून बदलून घ्या. त्याला चकती बांधा. घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या पोरापासून आजीपर्यंत, एकदा स्वतःच्या हाताने तो बंद करायला लावा. वेळ आलीच, तर कॉक बंद केल्यावर सगळ्यात खालचा नळ बादलीत सोडा, म्हणजे पाइपात उरलेले पाणी फरशीवर न येता बादलीत येते. गिझरचे बटण बंद करा. त्या रात्री ते हिने पहिल्या मिनिटाला केले होते; तिने मला ते मागाहून सांगितले, आणि अजून सांगते. पाणी विजेच्या आसपास दिसले तर कोरड्या जागी, कोरड्या हातांनी मेन स्विच पाडा. आणि मग ताबडतोब खालच्या मजल्यावर जा. आपले पाणी आपल्या घरात राहत नाही. खाली कोणीतरी तिपाईवर चढलेले असू शकते.

कमिटीत माझा ठराव एका मताने संमत झाला. ते मत सेक्रेटरींचे. गुरुवारी साताऱ्याहून परत येऊन त्यांना आंघोळीला पाणी मिळाले नव्हते. चकत्या पुन्हा बांधायच्या ठरल्या तेव्हा नव्या करून आणू असे कोणी सुचवले. मी म्हटले, नकोत. काकूंकडून डबा आणला आणि एका रविवारी सकाळी चिरंजीवांना घेऊन गच्चीवर गेलो. नऊ चकत्या तांब्याच्या तारेने बांधल्या. काकू गुडघे दुखत असताना जिने चढून वर आल्या, सहाव्या चकतीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "सहाचा आकडा ह्यांना कधी नीट जमला नाही," आणि खाली गेल्या.

पितळी पाटी मी दारावरून उतरवलेली नाही. तिच्याखाली एक छोटी पाटी मात्र वाढवली आहे: 'पाण्याचा कॉक: गच्ची, डावीकडून सहावा. जड चालतो.' येणारेजाणारे ती वाचतात, पुणेरी पाटी म्हणून हसतात, कोणी कोणी फोटोही काढून नेतात. मी काही बोलत नाही. आत आल्यावर फक्त विचारतो, "तुमचा कितवा?"

हसणे तिथे थांबते.